एसीएल ऑपरेशनला साडेचार महिने झाले, दिवाळीनंतरच्या कबड्डीला उतरू का?

रेडर_खानापूर | २५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. वय २२, खानापूर तालुक्यातलं गाव, कबड्डीत चढाई करतो. फेब्रुवारीत एका गावच्या स्पर्धेत बोनस घेऊन मागं वळताना डावा पाय मातीत रुतला आणि अंग तेवढं फिरलं. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. आतून कट् असा आवाज आला आणि तासा-दोन तासांत गुडघा नारळाएवढा सुजला.

पहिले दोन महिने चोळून घेण्यात गेले. सूज उतरली, चालता यायला लागलं, म्हणून बरं झालं समजून बसलो. एप्रिलमध्ये जिना उतरताना गुडघा आतल्या आत सटकला तेव्हा घाबरलो. बेळगावात एमआरआय केला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीला बांधणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं, दोन हाडांमधल्या आतल्या बाजूच्या गादीला चीर. ६ जूनला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीमागची शीर काढून नवीन लिगामेंट बसवलंय. गादीचा फाटका तुकडा काढला, टाके घातले नाहीत.

दोन महिने फिजिओथेरपी केली. मग पाऊस, लावणी, एक बस हुकली की अर्धा दिवस गेला, शिवाय प्रत्येक खेपेचे पैसे. ऑगस्टनंतर बंदच पडली. आता दुखत अजिबात नाही. मांडी घालून जेवतो, सकाळी रस्त्यावर दोन किलोमीटर पळतो. दिवाळी झाली की स्पर्धा सुरू होतील, कॅप्टन रोज फोन करतोय. "नुसता बोनस काढ, पकडीत येऊ नको" म्हणतो. उतरू का? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी खरं सांगा.

---

डावा_विंगर | २५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

उतरू नकोस. सविस्तर उद्या लिहितो, पण आज रात्री कॅप्टनला होकार देऊ नको.

---

फिजिओ_टिळकवाडी | २६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

रेडर, मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे आणि तुझ्यासारखी मुलं दर आठवड्याला बघते. तुझा गुडघा न बघता पक्कं काही सांगणं बरोबर नाही, पण तू लिहिलेल्यावरून बरंच कळतं.

आधी एक समजून घे. मांडीमागून जी काढली ती शीर नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते. ती हाडात बोगदे पाडून त्यात बसवतात. बसवली त्या दिवशी ती चिवट असते, पण तिला रक्तपुरवठा नसतो. मग शरीर तिला आपलंसं करायला लागतं आणि त्या काळात ती उलट कमजोर होते. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात नाजूक असते. तुम्ही लावणी करता ना? तरवा उपटून चिखलात लावला की पहिले काही दिवस रोप पिवळं पडतं, मग मूळ धरतं, मग हिरवं होतं. हिरवं झालं म्हणून कुणी विळा घेऊन शेतात जात नाही. तुझं रोप आत्ता हिरवं झालंय. आतली बांधणी पुढं वर्षभर आणि त्याच्यानंतरही चालू राहते.

दुखत नाही याचा अर्थ जखम भरली, एवढाच. नवीन लिगामेंट किती ताण घेईल हे दुखण्यावरून कळत नाही. आणि "नुसता बोनस" हे मला अजिबात पटत नाही. तुझं लिगामेंट बोनस घेऊन वळतानाच तुटलं होतं आणि तेव्हाही तू पकडीत नव्हतास. नडगीचं हाड पुढं सरकू न देणं आणि पाय रोवून वळताना गुडघा आत फिरू न देणं, हेच एसीएलचं काम. कबड्डीची चढाई म्हणजे नेमकं तेवढंच.

आता घरच्या घरी एवढं कर आणि मला कळव.

१८ इंच उंचीची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हाताची घडी छातीवर. एका पायावर उठायचं, त्याच पायावर सावकाश बसायचं. ढप्पकन बसलास तर ती मोजायची नाही. आधी उजवा पाय, मग डावा. शेजारी कुणीतरी उभं राहू दे आणि दुखलं तर लगेच थांब.

दुसरं, टेप घेऊन वाटीच्या वर १५ सेंटीमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोज.

तिसरं, पालथा झोपून दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली पलंगाबाहेर सोड. एक टाच दुसरीपेक्षा वर राहते का ते कुणाला तरी बघायला सांग.

चौथं, पळून आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीच्या बाजूचे खड्डे भरलेले दिसतात का?

---

कडोलीचा_वस्ताद | २६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

बाळ, मी तालमीतला माणूस. आमच्या वेळी गुडघा गेला की हळद-तेल लावून महिनाभर बसवायचे आणि मग बैठका सुरू. काही पोरं उभी राहिली, बरीच कायमची गेली. ती गेलेली पोरं मला आजपण आठवतात. त्यामुळं ऑपरेशनला माझा विरोध नाही.

पण ताई, एक विचारतो. ऑपरेशननंतर नऊ महिने खेळायचं नाही असं तुम्ही लोक सांगता, पण नऊ-नऊ महिने पोराला घरात बसवलं की त्याचं अंग उतरतं, मन उतरतं. आखाड्यात यायचं बंद झालं की पोरगं परत येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याचं काय करायचं?

---

फिजिओ_टिळकवाडी | २६ ऑक्टोबर, दुपारी ३:५०

वस्ताद, तुम्ही बोललात ते खरं आहे आणि फार महत्त्वाचं आहे. घरात बसवायचंच नाही. रेडरचं चुकलं ते हेच, की ऑगस्टनंतर तो बसला. पळतोय म्हणजे व्यायाम करतोय असं त्याला वाटतंय, पण पळून मांडी भरत नाही. कुस्तीच्या पोराला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तालमीत आणा, जोर मारू दे, मानेची मेहनत करू दे, दोरावर चढू दे, उतरताना मात्र उडी नको. बैठकांचं प्रमाण आणि खोली फिजिओला विचारून वाढवा. गादीला टाके असतील तर पूर्ण खाली बसायला चार ते सहा महिने थांबावं लागतं. डाव मात्र समोर जोडीदार न घेता करू दे. पोरगं मातीपासून तुटता कामा नये, हे मी माझ्या पेशंटच्या घरच्यांनाही सांगते.

---

डावा_विंगर | २६ ऑक्टोबर, रात्री ११:२०

माझं लिहितो. कॅम्पात वाढलो, फुटबॉल पायात घेऊनच. २४ व्या वर्षी उजवं एसीएल गेलं. ऑपरेशन चांगलं झालं, पहिले चार महिने मन लावून व्यायाम केला. पाचव्या महिन्यात सगळं सोपं वाटायला लागलं. सहावा संपला त्या आठवड्यात लेले मैदानावर मित्रांबरोबर खेळलो, काही झालं नाही. मग स्पर्धेत उतरलो. चार सामने काही झालं नाही. पाचव्या सामन्यात एक उंच चेंडू छातीवर घेऊन खाली आलो आणि गुडघा आत गेला. तो आवाज मला ओळखीचा होता. मैदानावर पडल्या पडल्या मला कळलं होतं आणि मी पायापेक्षा त्या कळण्यानं रडलो.

दुसरं ऑपरेशन यंदा ऑगस्टमध्ये झालं. या वेळी वाटीखालच्या दोरीचा मधला पट्टा हाडाच्या तुकड्यांसकट घेतला. अजून फरशीवर गुडघा टेकवला की कळ जाते. कुस्ती-कबड्डीवाल्यांनी ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांशी हे बोलून घ्यावं, कारण तुमचा अर्धा खेळ गुडघ्यावर असतो. वाटीखालचा पट्टा घेतला तर टेकताना त्रास, मांडीमागची दोरी घेतली तर पाय मागं ओढायची ताकद काही काळ कमी. दोन्हीचं काहीतरी द्यावं लागतं.

रेडर, मला कुणी खुर्चीवर एका पायावर बसवून मोजलं नव्हतं. सहा महिने झाले, जा, एवढंच ऐकलं होतं. आणि मीही विचारलं नाही.

---

निपाणीची_आई | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

माझी मुलगी १७ वर्षांची, खो-खो खेळते. ऑपरेशनला आज ११ दिवस झाले. आम्हाला व्यायामाचा कागद मिळाला तो कन्नड आणि इंग्रजीत. मी कन्नड बोलते, वाचायला अडखळते. चित्रं बघून करून घेतेय. झोपताना बरं वाटतं म्हणून ती गुडघ्याखाली उशी घेते, ते चालेल ना? आणि कालपासून तिची पोटरी दुखतेय, जरा सुजल्यासारखी वाटते.

---

फिजिओ_टिळकवाडी | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:१८

ताई, उशीचं नंतर बोलू. पोटरी दुखते आणि सुजली आहे हे आत्ताच तुमच्या सर्जनना फोन करून सांगा आणि आजच दाखवून या. उद्यावर टाकू नका, पोटरी चोळू नका. शिरेत रक्ताची गाठ झाली आहे का हे सोनोग्राफीत कळतं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्या. काय झालं ते इथं कळवा.

---

निपाणीची_आई | २७ ऑक्टोबर, रात्री ८:४५

कोल्हापूरला जाऊन आलो, तेच आम्हाला जवळ. सोनोग्राफी झाली, गाठ नाही. सूज गुडघ्याची खाली उतरलेली आहे म्हणाले. जिवात जीव आला. ताई, सकाळी तुम्ही लिहिलं नसतं तर मी उद्या बघू म्हणाले असते.

---

फिजिओ_टिळकवाडी | २७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

फार बरं वाटलं वाचून. आता उशी. गुडघ्याखालची उशी आजपासून काढा. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात मोठं काम वाकवण्याचं नसतं, पाय पूर्ण सरळ करण्याचं असतं. उशीमुळं गुडघा थोडा वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो. उलट टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी राहू दे, दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. दुसरं, मांडीचा पुढचा स्नायू आवळून वाटी वर ओढायची, पाच मोजेपर्यंत धरायची. ऑपरेशननंतर हा स्नायू झोपी गेल्यासारखा होतो, त्याला हाक मारून उठवावं लागतं. सरळ पाय उचलताना गुडघा थरथरून वाकत असेल तर अजून तो उठलेला नाही. कुबड्या दिवस मोजून सोडू नका, लंगडणं गेलं की सोडा. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर सध्या वर ठेवायची खुर्ची आणा. कागदाचा फोटो मला निरोपात पाठवा, मी मराठीत लिहून देते.

---

रेडर_खानापूर | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

ताई, केलं. उजव्या पायावर २०. डाव्यावर ७, आठव्याला गुडघा आत वळला आणि भावानं धरलं. डावी मांडी ३ सेंटीमीटर बारीक. टाचा सारख्या आहेत. पळल्याच्या दुसऱ्या दिवशी खड्डे भरतात, मला वाटायचं तसंच असतं.

खरं सांगू, ७ बघून रात्रभर झोप लागली नाही. कॅप्टनला फोन करून नाही म्हणालो. तो गप्प झाला, मग म्हणाला आमची गुणांची वही तू लिही.

---

चिकोडी_शिक्षक | २८ ऑक्टोबर, रात्री ८:२०

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. मुलं मला एकच उदाहरण देतात: विनेश फोगाटचं ऑगस्ट २०२३ मध्ये ऑपरेशन झालं आणि एप्रिल २०२४ मध्ये तिनं बिश्केकला ऑलिंपिक पात्रता मिळवली. मग आम्ही नऊ महिने का थांबायचं? त्यांना काय उत्तर द्यावं?

---

फिजिओ_टिळकवाडी | २८ ऑक्टोबर, रात्री १०:००

सर, तिच्या जिद्दीबद्दल मला अपार आदर आहे. पण तिच्यापुढं ऑलिंपिकची तारीख होती, दिवसभराचं कामच गुडघा बरा करणं हे होतं आणि तपासणारी माणसं सोबत होती. तिनं धोका समजून घेतला होता. मुलांना ऋषभ पंतचंही सांगा. ३० डिसेंबर २०२२ चा अपघात, सामन्यात परतला मार्च २०२४ मध्ये. त्याच्या दिमतीलाही सगळं होतं, तरी सव्वा वर्ष लागलं.

आकडे हवे असतील तर हे सांगा. डेलावेअर आणि ऑस्लोच्या संशोधकांनी १०६ जणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला, २०१६ मध्ये तो छापून आला. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकं दर महिन्यामागं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झालं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: ताकदीच्या आणि उड्यांच्या कसोट्या पार न करता परतलेल्यांत ३८.२ टक्के लोकांना पुन्हा दुखापत झाली, पार करून परतलेल्यांत ५.६ टक्के. म्हणजे नऊ महिने घरी झोपून काढले तर काही उपयोग नाही.

रेडर, तुझा कार्यक्रम. पळणं तूर्त बंद, दुसऱ्या दिवशी पाणी भरतं म्हणजे गुडघा नको म्हणतोय. आठवड्यात तीन दिवस ताकद: एक पाय पुढं एक मागं ठेवून बसणं-उठणं, पायरीवर चढणं आणि त्याहून सावकाश उतरणं, पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं, एका पायावर टाच उचलणं. आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या. सोपं झालं की पाठीच्या पिशवीत तांदूळ भर, पाच किलो, मग दहा. आरशासमोर कर, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहायला हवा, आत नको. मधल्या दिवशी सायकल. बेळगावला महिन्यातून एकदा आलास तरी चालेल, बाकी व्हिडिओवर बघते.

आणि सुगी तोंडावर आहे म्हणून सांगते. भात कापताना वाकायला हरकत नाही. पण डोक्यावर भारा घेऊन ओल्या बांधावरून चालायचं नाही. घरात कुणी रागावलं तर माझं नाव सांग.

---

उचगावकर | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

माझ्या भाच्याचं एसीएल गेलंय. ऑपरेशन करावंच लागतं का? आणि सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये लागू केली, आमच्याकडं कर्नाटकाचं आयुष्मान कार्डपण आहे. कुठलं वापरावं?

---

फिजिओ_टिळकवाडी | २९ ऑक्टोबर, दुपारी २:००

दरवेळी लागत नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर अभ्यास झाला होता, २०१० चा. आधी व्यायाम केलेल्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच दोन वर्षांत ऑपरेशन लागलं. रोजच्या कामात गुडघा सटकत नसेल आणि वळणाचा खेळ खेळायचा नसेल तर आधी तीन महिने नेटानं व्यायाम करून बघावा. ऑपरेशन ठरलं तरी हा व्यायाम वाया जात नाही. कार्डांचं, ज्या हॉस्पिटलात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, एमआरआयचा रिपोर्ट दाखवून तारीख घेण्याआधी विचारा. फिजिओचा खर्च पुढं वर्षभर असतो, तो आधीच बाजूला काढून ठेवा. लोक ऑपरेशनला कर्ज काढतात आणि फिजिओला पैसे उरत नाहीत.

---

रेडर_खानापूर | १४ डिसेंबर, रात्री ९:१०

धागा वर आणतो. डावा १४. डावी मांडी आता उजवीपेक्षा दीडच सेंटीमीटर बारीक. पाणी भरणं थांबलं. ताईंनी पळायला परवानगी दिली, एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं. सुगीत भारा उचलला नाही. आजोबा पहिले दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी ते स्वतःच लोकांना सांगत होते की याच्या गुडघ्यात नवीन दोरी आहे म्हणून.

स्पर्धा बघायला गेलो, वही लिहिली. आमचा संघ उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरला. ते लिहिताना हात जड झाला.

---

डावा_विंगर | १४ डिसेंबर, रात्री ९:५५

मी ते दोनदा भोगलंय. त्या दिवसांत मला कुणाशी बोलावंसं वाटत नसे. तुला वाटलं तर कधीही निरोप टाक, कितीही वाजले असू देत.

---

निपाणीची_आई | २० जानेवारी, सायंकाळी ६:३०

मुलगी आता सायकल चालवते. शाळेतल्या बाकीच्या मुलींसाठी विचारते, हे टाळता येतं का? मुलींना जास्त होतं म्हणतात ते खरं का?

---

फिजिओ_टिळकवाडी | २० जानेवारी, रात्री ९:००

खरं आहे, तसल्याच खेळात मुलींना प्रमाण दोन-तीन पटींनी जास्त दिसतं. आणि टाळता बऱ्यापैकी येतं. फुटबॉलसाठी फिफानं २० मिनिटांचा सराव तयार केलाय, अकरा प्लस नावाचा. पळणं, मांडी-कंबरेची ताकद, तोल, उडी मारून मऊ उतरणं. खो-खोलाही तसाच लागू पडतो. पण आठवड्यातून दोन-तीनदा, हंगामभर करायला हवा. चिकोडीचे सर वाचत असतील तर त्यांनी मनावर घ्यावं.

---

चिकोडी_शिक्षक | २१ जानेवारी, सकाळी ६:४०

वाचतोय. सोमवारपासून सुरू करतो.

---

रेडर_खानापूर | १२ एप्रिल, रात्री ८:३०

दहा महिने झाले. मागच्या आठवड्यात बेळगावला कसोट्या दिल्या. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आडव्या-तिरक्या उड्या, सहा मीटर अंतर लंगडीनं वेळ लावून. डावा पाय उजव्याच्या ९२ ते ९५ टक्के. मशीनवर मांडीची ताकद ९१. ताई म्हणाल्या, उजवा पायपण विश्रांतीत कमजोर होतो, म्हणून नुसत्या टक्क्यांवर त्या विसंबल्या नाहीत, ऑक्टोबरचे आकडे काढून ताडून बघितले. खुर्चीवर डावा २३, उजवा २४.

मार्चपासून संघाबरोबर सराव करतोय, आधी पकडीशिवाय, मग एका पकडवाल्यासमोर, आता पूर्ण सात जण. पहिल्या दिवशी बोनस रेषेवर पाय टाकून वळायची वेळ आली तेव्हा पाय उचलेचना. ताकद होती, पण मन अडलं. दोन दिवस तसंच झालं. मग ताईंनी सांगितलं तसं रिकाम्या मैदानात तेच वळण रोज पन्नास वेळा केलं, एकट्यानं, संध्याकाळी. चौथ्या दिवशी मोजायचं विसरलो.

पहिला सामना पुढच्या रविवारी. पहिली दहा मिनिटंच खेळणार.

---

कडोलीचा_वस्ताद | १२ एप्रिल, रात्री ९:१५

कुठल्या गावात ते सांग बाळ, मी येतो. आणि ताई, आमच्या तालमीतल्या दोन पोरांना तुमच्याकडं पाठवतोय. खुर्ची आम्ही आणून ठेवलीय.

---

डावा_विंगर | १२ एप्रिल, रात्री ११:०५

रेडर, वाचून अंगावर काटा आला. माझा आठवा महिना चालू आहे, आज १९ आलं. खुर्ची तीच १८ इंचाची घेतली होतीस ना?

---

रेडर_खानापूर | १२ एप्रिल, रात्री ११:०९

होय की. भिंतीला टेकवून. आणि शेजारी कुणाला तरी उभं कर.